उलटे आटे

खोरोगला, गुंट नदीच्या पुलाशी
माझं दुकान. म्हणजे नवऱ्याचं.
तो मॉस्कोला गेला, इमारतींच्या कामावर.
जाताना पान्यांची पेटी पुढ्यात सरकवून म्हणाला,
एवढं लक्षात ठेव, गुलचमन,
उजवीकडचे आटे उलटे असतात.
बाकी सगळं हाताला कळतं.

कळलं. पण सावकाश.
पहिल्याच आठवड्यात एका कपाचे आटे खाल्ले मी,
सुलटे समजून.

टपालवाल्या नाझरमामदची सायकल सोव्हिएत काळातली,
क्रँक कॉटर पिनवर बसवलेला:
एक पाचर, एक नट, बस्स.
दर हंगामाला पिन झिजते,
पायाखाली टक् होतं, फेरीला दोनदा,
मग मी सळईचा तुकडा कानशीने घासते,
हातोडीचे तीन ठोके. चौथा मारायचा नाही.
खुंटा हलवून बळकट केलेला बरा, म्हणतो तो.
पण हीच पिन इश्काशिमच्या उतारावर एकदा तुटली.
पुढचे दोन दात अजून तिथेच कुठेतरी आहेत.
हे सांगताना तो हसतो
आणि फट दिसते.

उन्हाळ्यात परदेशी येतात, अख्खा संसार लादून.
एका डच म्हाताऱ्याचा चौकोनी टोकांचा आस,
बेअरिंग बंद नळकांड्यात,
बावीस हजार किलोमीटर, कुणी हात न लावता.
त्याने आकडा धुळीत बोटाने लिहून दाखवला.
मी विचारलं, आत काय आहे?
त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही.
जे उघडता येत नाही
त्याच्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर ते फेकायचं.
तिसरी वाट ठेवलेलीच नाही.

मग ती नॉर्वेची मुलगी, इंग्विल्ड.
काळी सायकल, पिसासारखी,
आणि आटेच नाहीत!
बेअरिंग नुसतं दाबून बसवलेलं.
कुरकुर. दर फेरीला कुरकुर.
दुशान्बेपासून, म्हणाली, आता झोपेतही ऐकू येते.
काढलं, पुसलं, ग्रीस लावलं, बसवलं.
पुलापर्यंत गप्प. परत येताना कुरकुर.
पुन्हा काढलं.
तिसऱ्या दिवशी बिअरच्या डब्याचा पत्रा कापला,
वळवून आत सरकवला. केसाएवढी फट होती,
केसाएवढीच, आणि तीन देश तिने झोप घालवली होती.
सायकल गप्प झाली.
पोरगी मात्र पायरीवर बसून थोडी रडली.
तिला आमचा चहा दिला, दूध-मिठाचा.
न कुरकुरता प्यायली.
मुरगाबहून ट्रकवाल्याबरोबर निरोप आला: चालतंय.
त्यापुढचं ठाऊक नाही.

संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी
प्रत्येक क्रँक धरून आडवा हलवून बघते.
साखळी उतरवून आस नुसता फिरू देते, कान लावते.
छर्रे कोरडे असले की वाळूत चालल्यासारखा आवाज येतो.
आस झिजते ती आवाज न करता, हे मला
कुणी शिकवलं नव्हतं.

नवरा रविवारी फोन करतो.
आधी दर रविवारी. आता कधी कधी.
कुठल्या सायकली आल्या विचारतो, मी सांगते.
परवा एका इटालियन चौकटीचं सांगितलं,
दोन्हीकडचे आटे सुलटे.
उजवा कप पेडल मारता मारता
आपल्याच चालीने सुटत जातो.
कुणी सोडवत नाही, कुणाची चूक नसते,
नुसतं पुढे जाण्याने सुटतो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, म्हणून तर उलटे ठेवतात.
हो, म्हटलं मी.

त्याच्या मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.
त्याच्या बेअरिंगला ग्रीस हवं होतं,
मला इथून ऐकू येत होतं.
सांगितलं नाही.